घोडीचं म्हातारपण कोणाच्या नावावर?

मे महिना संपता संपता गावाबाहेरच्या खाजणात दोन घोडे दिसू लागले. एक पांढरी घोडी. तिच्या आयाळीला मेंदीचा रंग अजून होता, त्यावरून लग्नसराई संपल्यावर कोणीतरी तिला इथे आणून सोडलं असावं. दुसरा तांबडा घोडा मागच्या डाव्या पायावर भार देत नव्हता. मिठागराच्या बांधावरचं खारट गवत दोघं ओरबाडत होते आणि गोडं पाणी जवळपास कुठेच नव्हतं. मी दोन दिवस बादल्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी चाचांना घेऊन गेले.

चाचा म्हणजे ज्यांच्या टांग्यातून मी शाळेत जात असे. वसई रोड स्टेशन ते वसई गाव हा रस्ता त्यांच्या घोड्यांना झोपेतही पाठ होता. मग रिक्षा वाढल्या, टांग्याच्या रांगा आटत गेल्या. आता चाचा ऐंशीच्या घरात आहेत.

त्यांनी आधी घोडीच्या नाकापुढे हात धरला, तिला वास घेऊ दिला. मग तांबड्याचा पाय उचलून अंगठ्याने खुराचा तळ दाबला आणि अंगठा नाकाशी नेला.

"खूर सडतोय. चिखलात उभा राहून राहून. आणि बघ, नाल काढून नेलीय. घोडा सोडला, नाल नाही सोडली."

"चाचा, मी एक ठरवलंय. टेम्पो करून यांना तुंगारेश्वरला सोडून येऊ या. ८५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. झरे आहेत, सावली आहे. कोणी पाठीवर बसणार नाही, कोणी चाबूक मारणार नाही."

"बिबट्या आहे."

"तो तर हरणांनाही आहे."

"हरणाला त्याच्या आईने बिबट्या शिकवलाय. या घोडीला आपण बँडबाजा शिकवलाय. डोळ्यांना झापडं लावून, आजूबाजूला बघू नको म्हणून शिकवलंय. आता एकदम म्हणायचं, बघ आणि पळ?"

मी गप्प झाले. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये बिबट्या आमच्या वसई किल्ल्यात आला होता, तेव्हा तो पकडला जाईपर्यंत आम्ही माणसंसुद्धा अंधार पडल्यावर त्या रस्त्याला जायला कचरत होतो. अभयारण्यातलं अभय कोणाला दिलेलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

तरी मी हट्ट सोडला नाही. "आसामात दिब्रू-सैखोवाच्या जंगलात घोडे राहतातच ना? दुसऱ्या महायुद्धात लष्कराने मागे टाकलेले होते. ते पिढ्यान् पिढ्या वाढत गेले. ब्रह्मपुत्रेच्या पुरात काही जातात, बाकीचे तगतात. म्हणजे घोडा रानटी होऊ शकतो."

"किती मेले तेव्हा उरले?"

"ते कोणी मोजलं नाही."

"तेच तर. जे उरले ते आपल्याला दिसतात." चाचा बांधावर बसले. "आणि रानटी म्हणू नकोस. रानटी वेगळा, मोकाट वेगळा. मोकाट म्हणजे ज्याचा मालक होता आणि पळाला."

हा फरक चाचांनी सहज सांगितला; मला तो पुस्तकातून शिकायला वेळ लागला होता. खरा रानटी म्हणावा असा घोडा आज जगात जवळजवळ एकच मानतात, मंगोलियाचा ताखी. तो जंगलातून नाहीसा झाला होता, प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांची संतती १९९२ पासून पुन्हा माळावर सोडली गेली. बाकी सगळे, अमेरिकेचे मस्टँग धरून, माणसाच्या घोड्यांचे वंशज. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आपण या प्राण्याला हाताशी धरलं, आपल्याला हवा तसा निवडत घडवला. ज्याला घडवलं त्याला 'आता तू मोकळा' म्हणून सोडून देणं याला सुटका म्हणायचं का?

आपल्या कायद्याने या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावर उपासमारीने किंवा तहानेने तडफडेल अशा अवस्थेत सोडून देणं हा गुन्हा आहे. मी तुंगारेश्वरला जे करायला निघाले होते ते आणि या घोड्यांच्या मालकाने केलं ते, यांत फक्त झाडांचाच फरक होता.

"बरं, सोडायचं नाही," मी म्हटलं. "मग कुंपण घालून आसरा देऊ. काम नाही, लगाम नाही. नुसतं जगू द्यायचं."

"हा तांबडा खस्सी नाही. घोडी आणि तो एकत्र राहिले तर अकरा महिन्यांनी तीन होतील. मग चार. तुझं कुंपण किती मोठं आहे?"

"म्हणजे खस्सी करायचा? जगायला दिलेल्या जागेत त्याच्या शरीरावर पुन्हा आपलाच हुकूम?"

"हो."

"हे स्वातंत्र्य कसलं?"

"मी स्वातंत्र्य म्हटलंच नाही. तू म्हणालीस. मी आसरा म्हणतोय."

इथे मला अमेरिकेचं उदाहरण सांगावंसं वाटलं, कारण तिथे हाच पेच अफाट आकारात उभा आहे. १९७१ मध्ये तिथल्या संसदेने मोकाट घोड्यांना कायद्याचं संरक्षण दिलं. घोडे वाढले. सरकारच्या हिशोबाने माळरानाला जेवढे पोसवतात त्याच्या कितीतरी पट झाले. मग दरवर्षी हेलिकॉप्टरने हाकून त्यांना पकडायला लागले, आणि आज ६० हजारांहून अधिक घोडे सरकारी वाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांत सांभाळले जातात. घोड्याचा मोकळेपणा राखायला केलेल्या कायद्याखाली हजारो घोडे आवारात उभे आहेत. काही ठिकाणी घोड्यांना गर्भनिरोधक लस टोचतात आणि मला तोच मार्ग त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. चाचांनी हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, "लस टोचायला पुन्हा पुन्हा माणूस जातो?" जातो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

घोडी पाण्याच्या बादलीशी आली. एका दमात अर्धी संपवली.

"पण चाचा, मुळात टांगाच चूक होता का?"

त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. आला नाही.

"मुंबईच्या व्हिक्टोरिया बंद झाल्या तेव्हा तू पेढे आणले होतेस."

आणले होते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने केवळ हौसेच्या फेऱ्यांसाठी घोडागाडी चालवणं बेकायदा ठरवलं, वर्षभरात ती थांबवायला सांगितली. पुढे मालक-चालकांसाठी एकरकमी मदत किंवा फेरीवाल्याचा परवाना अशी योजना आली. त्यानंतर बॅटरीवरच्या व्हिक्टोरियाही आल्या. मला तो निकाल आजही योग्य वाटतो. डांबरावर तापलेले खूर आणि अंधाऱ्या, दमट तबेल्यांतले घोडे मी पाहिले आहेत.

"माणसाला पैसे किंवा परवाना," चाचा म्हणाले. "गाडीला बॅटरी. घोड्याला काय? तू पेढे वाटलेस, पण घोडा कुठे गेला ते विचारलंस?"

"नाही."

"ट्रामच्या वेळीही कोणी विचारलं नसेल."

मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते असं सांगतात. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून त्यांना टोप्या घालत. १९०५ मध्ये ती बंद झाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. टोप्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. टोपी काढल्यानंतरची गोष्ट कोणी सांगत नाही.

बराच वेळ चाचा काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच मी हा लेख लिहिते आहे.

"माझा शेवटचा घोडा अठरा वर्षांचा होता. तेरा वर्षं त्याने माझं घर चालवलं. मुलीचं लग्न त्याच्या पायावर झालं. टांगा थांबला तेव्हा त्याला खायला घालायला माझ्याकडे काही नव्हतं. एक दलाल आला. मी पैसे घेतले, आणि कुठे नेतोयस हे विचारलं नाही. विचारलं असतं तर द्यायला नको वाटलं असतं, म्हणून नाही विचारलं. घोडा जाताना गल्लीच्या तोंडाशी थांबला, कारण रोज तिथे मी चढायचो."

मला काही सुचेना. मी म्हटलं, "तुमच्याकडे दुसरा मार्ग नव्हता."

"नव्हता. पण तो आधी करून ठेवायला हवा होता. ज्या दिवशी घोडा घेतला त्या दिवशी. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो हे मला माहीत होतं. काम पंधरा-सतरापर्यंत होतं हेही माहीत होतं. मधली वर्षं कोणाच्या नावावर, एवढंच ठरवलं नव्हतं."

आमचा वाद खरं तर इथेच वळला. घोड्याकडून काम घ्यावं की नाही यावर आम्ही आजही सहमत नाही. चाचा म्हणतात, धनगराचा घोडा पाहा. दख्खनच्या भीमथडीची ती चिवट जात बिऱ्हाड पाठीवर घेऊन मेंढरांबरोबर चालते आणि ओझं उतरल्यावर माळावर मोकळी चरते. तिथे काम आणि जगणं एकच आहे. मी म्हणते, अर्नाळ्याच्या किंवा राजोडीच्या वाळूत मुलांना पाच मिनिटं फिरवणारा घोडा आणि धनगराचा घोडा यांची तुलना नको. त्यावर त्यांनी मला पिंपरीच्या हाफकिन संस्थेची आठवण करून दिली. सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून बनतं. भातलावणीत पालघर जिल्ह्यातली किती माणसं त्याच्यावर वाचली असतील! "ते काम बंद करा म्हणशील?" मी म्हटलं नाही. म्हणू शकत नाही. पण ज्याच्या रक्तावर आपण वाचलो त्याला शेवटपर्यंत पोसायचं, हे मात्र ठामपणे म्हणू शकते. चाचांनीही यावर हरकत घेतली नाही.

असं पोसणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईतल्या भुलेश्वरची पांजरपोळ १८३४ ची आहे. मोकाट कुत्री मारण्याच्या इंग्रजी हुकमावरून मुंबईत दंगा पेटला, त्यानंतर सर जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेठियांनी ती उभी केली. त्यांनी जनावराला जंगलात सोडलं नाही. जागा घेतली, चाऱ्याची सोय लावली, ती कायम चालावी अशी व्यवस्था केली. दयेत हिशोब असावा लागतो हे त्यांना कळलं होतं. आम्हीही बांधावर बसून हिशोब केला. मध्यम अंगाच्या घोड्याला दिवसाला सहा किलो तरी सुका चारा. पंचवीस-तीस लिटर पाणी. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, कारण मऊ जमिनीत खूर झिजत नाहीत, वाढतात आणि चिरतात. धनुर्वाताची लस. आणि सगळ्यांत महाग गोष्ट, पावसाळ्यात कोरडी राहणारी जमीन. २०१८ च्या जुलैत याच वसईत मिठागराच्या वस्तीतली माणसं पाण्यात अडकली होती. तिथे पायाने अधू घोडा किती तास उभा राहील?

"तांबड्याला खस्सी करायचं," मी उठता उठता म्हटलं. "मला आवडत नाही, पण करायचं."

"आणि मी रोज खरारा करायला येईन. हात चालतात तोवर."

माझं मत आता पक्कं आहे. घोडा विकत घेताना त्याच्या म्हातारपणाची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय वरातीला, चौपाटीला, गाडीला परवाना मिळू नये. प्रत्येक घोड्याची नोंद हवी, आणि विकला तर पुढच्या मालकाचीही. तोवर वरातीत घोडी आणणाऱ्याने निदान एवढं विचारावं: ही काम करेनाशी झाली की कुठे राहणार?

७ जूनला मृग लागतं. त्याला नऊ दिवस उरलेत. वसईत, नालासोपाऱ्यात किंवा विरारच्या डोंगरपायथ्याशी ज्यांच्याकडे पाणी न साचणारी अर्धा एकर जागा पडून असेल, त्यांनी ती या दोघांसाठी द्यावी. चारा, पाणी आणि नालबंदाचा खर्च चाचा, मी आणि आमच्या आळीतली पाच घरं वाटून घेणार आहोत, दोघांच्या शेवटच्या दिवसापर्यंत.