डुक्कर, गाढव आणि कुंडीखालचा जीव

ज्या वस्तूवाचून माणसाचे अडते तिला भाषेत नावे पुष्कळ असतात, असा समज रूढ आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ अरबीतील उंटाचे उदाहरण हटकून दिले जाते. या समजाला छेद देणारा एक प्राणी कुंडीखाली, ओलसर विटेच्या आड, कुजत चाललेल्या ओंडक्याच्या सालीखाली राहतो. बोटाच्या नखाएवढा, राखाडी, पाठीवर एकावर एक चढलेल्या पट्ट्यांचे कवच आणि पोटाखाली पायांच्या सात जोड्या असलेला हा जीव डसत नाही, पिकाचे म्हणण्यासारखे नुकसान करत नाही, आणि त्याला बाजारात गिऱ्हाईकही नाही. प्रमाण इंग्रजीत त्याला वुडलाउस, म्हणजे लाकडातली ऊ, म्हणतात. प्रत्यक्षात तो ऊ नव्हे आणि कीटकही नव्हे, तर खेकडा व कोळंबी यांच्या कवचधारी वर्गातील, पूर्वजांचा समुद्र सोडून जमिनीवर स्थायिक झालेला प्राणी असून जगभरात त्याच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. या निरुपद्रवी आणि निरुपयोगी जिवाला एकट्या ब्रिटिश बेटांत जितकी लोकनावे आहेत, तितकी फार थोड्या उपयुक्त वस्तूंना मिळाली असतील.

स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो ‘स्लेटर’ असतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडे रेडिंग शहराच्या परिसरात त्याला ‘चीजलॉग’ म्हणतात, केंटमध्ये ‘चीझी-बग’ किंवा ‘मंकी-पी’, सॉमरसेट आणि डेव्हन या पश्चिमेकडील परगण्यांत ‘चगी-पिग’, तर आणखी पश्चिमेला कॉर्नवॉलमध्ये ‘ग्रॅमर-साउ’, म्हणजे आजीबाई डुकरीण. दक्षिण वेल्समधील इंग्रजीत ‘ग्रॅनी-ग्रे’ या नावाने पुन्हा आजीच भेटते, तर आइल ऑफ मॅन या बेटावर ‘पार्सन-पिग’ या नावाने गावच्या पाद्र्याचे डुक्कर. वेल्श ही इंग्रजीहून वेगळ्या शाखेतील भाषा, पण तिच्यातही एक नाव ‘लाकडातले डुक्कर’ असे आहे. दुसरे मात्र अधिक कल्पक, ‘राखेतली चेटकीण’. जोसेफ राइट यांनी १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी बोलींच्या कोशात किडामुंगीच्या नावांचे असे पीक जागोजागी आढळते, आणि त्यातील बराच भाग प्रमाण इंग्रजीच्या वाचकाला परक्या भाषेइतका अनोळखी वाटतो.

या विपुलतेचे कारण वस्तूच्या महत्त्वात नसून तिच्या बिनमहत्त्वात शोधावे लागते. शेतकरी बैलाला रंगावरून, शिंगांवरून, वयावरून वेगवेगळी नावे देतो हे खरे, पण ती नावे भेद सांगणारी असतात. एकाच वस्तूला एकाच अर्थाने पन्नास नावे असणे ही त्याहून निराळी गोष्ट आहे. नाव एकरूप व्हायचे तर ते शिवेपलीकडच्या माणसाशी बोलताना वापरावे लागते. कांदा, तांबे, ताप यांची नावे बाजारात, सावकाराच्या वहीत, कचेरीत आणि वैद्याच्या ओसरीवर उच्चारली जातात, आणि तिथे दोघांचा शब्द वेगळा निघाला तर व्यवहार अडतो, म्हणून एक शब्द टिकतो आणि दुसरा मागे पडतो. वुडलाउसविषयी कोणी परगावच्या माणसाशी बोलत नाही. त्याचे नाव घेणारी मंडळी म्हणजे मुख्यतः अंगणात उकिडवी बसणारी मुले आणि त्यांना ‘टाक तो खाली’ म्हणणारी आजी. हे नाव दोन-चार घरांत जन्मते, थोरल्या मुलाकडून धाकट्याकडे जाते, आणि ते चुकीचे आहे असे सांगायला कोणी येत नाही.

या विधानाची कसोटी घ्यायची तर जिथे हा जीव कामाचा ठरला तिथे काय झाले हे पाहावे. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने आपल्या औषधिग्रंथात त्याची नोंद ‘पाण्याच्या घागरींखालची गाढवे’ अशी करून ती मद्यातून घेतल्यास लघवीची अडचण दूर होते, असे लिहिले आहे. हा उपचार युरोपात दीर्घकाळ टिकला. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज वैद्य वाळवलेले वुडलाउस औषध म्हणून देत आणि त्यांना सर्रास ‘मिलिपीड’, म्हणजे सहस्रपाद, म्हणत. हे नाव प्राणिशास्त्राने पुढे दुसऱ्याच प्राण्यासाठी राखून ठेवले. चीनमध्येही ‘शेन-नोंग’ या पौराणिक सम्राटाच्या नावावर असलेल्या प्राचीन औषधिग्रंथात हा जीव ‘शूफू’ या नावाने येतो. अंगणात नावे पन्नास, पण औषधाच्या दुकानात एक, ही स्थिती दोन्हीकडे सारखीच दिसते. डच भाषेत आजही त्याला ‘पिसेबेद’, म्हणजे अंथरूण ओले करणारा, म्हणतात; उपचार मेला, पण त्याचा वास नावाला राहिला, असे म्हणायला हरकत नाही.

शब्द इतके विखुरलेले असताना त्यांमागची चित्रे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, ही या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब होय. ग्रीकांनी त्याला ‘ओनिस्कोस’ म्हणजे छोटे गाढव म्हटले, आणि लॅटिनमधील ‘असेलस’ याचाही अर्थ तोच. अरबीत तो ‘हिमार कब्बान’ आहे, आणि त्यातील ‘हिमार’ म्हणजे गाढव. फारसीत ‘खरखाकी’, म्हणजे मातीतले गाढव. त्यातील ‘खाक’ मराठी माणसाच्या बोलण्यात रोज असते आणि ‘खर’ हा शब्द संस्कृतातील गर्दभवाचक ‘खर’ याचा नातलग असल्याने हे नाव मराठी वाचकाला भाषांतरावाचूनच कळावे. गाढवांचा हा पट्टा ग्रीसपासून इराणपर्यंत पसरलेला दिसतो, तर त्याच्या उत्तरेला आणि पश्चिमेला डुकरांचे राज्य सुरू होते. इटालियनमध्ये ‘मातीतले डुकराचे पिल्लू’ आणि ‘संत अंतोनीचे डुकराचे पिल्लू’ अशी दोन्ही नावे चालतात, कारण त्या संताच्या चित्रात पायाशी डुक्कर असतेच. स्पॅनिश ‘कोचिनीया’ म्हणजे छोटी डुकरीण, स्वीडिश ‘ग्रोसुग्गा’ म्हणजे करडी डुकरीण, पोलिश ‘प्रोशोनेक’ हेही डुकराच्या पिलावरूनच बनलेले. यांतील काही साम्य भाषांच्या परस्पर उसनवारीतून आले असणार, पण सगळे तसे नसावे. करडा रंग, गोलसर पाठ, खाली घातलेले तोंड आणि कुजक्या पाल्यात चरण्याची सवय इतके समोर असताना घरचे जनावर आठवायला कोणा शेजाऱ्याच्या भाषेची गरज लागत नाही.

जनावरांखेरीज उरलेली नावे बहुतेक दोन गोष्टींभोवती फिरतात आणि दोहोंची मुळे प्राण्याच्या शरीरात आहेत. वुडलाउसची श्वसनेंद्रिये पोटाच्या मागच्या भागातील पत्र्यांसारख्या अवयवांत असतात आणि ती ओली राहिली नाहीत तर प्राणी गुदमरतो, म्हणून तो ओल सोडून जात नाही. रशियन ‘मोक्रित्सा’ हे ओलेपणावरून आले, तर जर्मन ‘केलरासेल’ त्याचे घर तळघरात दाखवते. दुसरी गोष्ट म्हणजे अंगाची गोळी करण्याची कला, आणि ती सर्व जातींना साधत नाही. तुर्कीत गोळी होणारा वुडलाउस म्हणजे ‘तेस्पिह बोजेई’, जपमाळेतील मण्याचा किडा. जपानी भाषेत गोळी होणारा तो ‘दांगो-मुशी’, तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यासारखा, आणि गोळी न होणारा, चपटा तो ‘वाराजी-मुशी’, गवती वहाणेसारखा. शास्त्रज्ञ ज्या दोन कुळांत फरक करतात तोच फरक तिथल्या मुलांनी खाऊ आणि पादत्राण एवढ्या सामग्रीवर केला आहे. फ्रेंच ‘क्लोपोर्त’ या नावाचा ‘दार लावणारा’ असा अर्थ लावण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्याच श्लेषाने पॅरिसकरांनी इमारतीच्या द्वारपालालाही हेच नाव चिकटवले.

चिनी ‘शूफू’ची गोष्ट थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. त्याचा शब्दशः अर्थ उंदराची बाई, पण ‘फू’ या चिन्हाचा अर्थ पत्नी असा होतो तसाच सून असाही होतो, आणि कोरियन भाषेने तो दुसरा अर्थ घेऊन या प्राण्याला ‘उंदराची सून’ केले. मग त्या सुनेला सासू हवीच, म्हणून तिच्यासमोर सून जशी अंग आकसून घेते तसा हा जीव आकसतो, अशी लोकव्युत्पत्ती तिथे सांगितली जाते. ती शास्त्रीय नाही. पण ज्यांनी ती रचली त्यांना सासुरवास ठाऊक होता, यात शंका नाही.

विद्वानांनी नावे ठेवताना या लोकसंग्रहापलीकडे फारशी मजल मारली नाही. लिनियसने १७५८ मध्ये युरोपातील एका सामान्य जातीला ‘ओनिस्कस असेलस’ हे नाव दिले. त्यातील पहिला शब्द ग्रीकमूलक आणि दुसरा लॅटिन, दोन्हींचा अर्थ छोटे गाढव. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय याने १८०४ मध्ये दुसऱ्या प्रजातीला ‘पोर्सेलिओ’, म्हणजे डुकराचे पिल्लू, हे नाव दिले, आणि गोळी होणाऱ्या एका जातीच्या ‘ऑफिसिनॅलिस’ या उपपदात औषधालयाची आठवण शिल्लक राहिली. या परंपरेला बगल दिली ती इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम लीच याने, पण तीही समुद्रात राहणाऱ्या भाऊबंदांबाबत: १८१८ मध्ये त्याने ‘कॅरोलिना’ किंवा ‘कॅरोलाइन’ या स्त्रीनामाची अक्षरे उलटसुलट करून ‘सिरोलाना’, ‘निरोसिला’, ‘कोनिलेरा’, ‘रोसिनेला’ अशी नावांची एक माळच तयार केली. ही कल्पकता कौतुकास्पद असली तरी तिच्यात प्राणी कुठेच दिसत नाही, तो राखेतल्या चेटकिणीत दिसतो. लोकनावांनाही मर्यादा आहेतच. मादी आपली अंडी पोटाखालच्या पाणीभरल्या पिशवीत वागवते, आणि हा जीव कात दोन हप्त्यांत टाकतो, आधी मागचा अर्धा भाग, मग पुढचा. या दोन विलक्षण गोष्टी वर आलेल्या एकाही नावात उघडपणे उतरलेल्या नाहीत.

युरोपातील जाती कुंड्यांतील मातीतून आणि जहाजांतून जगभर गेल्या, पण नावांनी त्यांच्याबरोबर प्रवास केलाच असे नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ‘स्लेटर’ पोचला. उत्तर अमेरिकेत घरांभोवती दिसणाऱ्या बहुतेक सामान्य जाती युरोपातूनच आलेल्या असूनही तिथे ‘रोली-पोली’, ‘पिल-बग’, ‘पोटॅटो-बग’, ‘डूडल-बग’ ही नावे अधिक रुजली, तर न्यूफाउंडलंडमध्ये तो चक्क सुतार, ‘कार्पेंटर’, झाला. हार्वर्ड विद्यापीठातून या शतकाच्या आरंभी झालेल्या अमेरिकी बोलींच्या सर्वेक्षणात ‘स्पर्श होताच गोळी होणाऱ्या करड्या प्राण्याला’ काय म्हणतात असा प्रश्न होता, आणि सर्वाधिक लोकांनी ‘रोली-पोली’ हे उत्तर दिले. उत्तरांच्या यादीत आणखी एक पर्यायही होता: प्राणी ओळखतो, पण त्याला शब्द नाही.

महाराष्ट्रातील अनेकांना तोच पर्याय निवडावा लागेल. याचा अर्थ मराठीला बारीक जीव दिसत नाहीत असा नव्हे. शंख वाहणाऱ्या मंद जिवात तिने गाय पाहिली आणि गोगलगाय हे नाव दिले, मातीचे घर बांधणाऱ्या माशीला कुंभारीण केले, पावसाच्या नक्षत्रावरून मृगाचा किडा ओळखला, आणि वेटोळे करून पडणाऱ्या सहस्रपादाला पैसा म्हटले. वाडीवस्तीवर कुंडीखालच्या या जिवालाही नावे असणे अगदी शक्य आहे, पण ती विचारल्याशिवाय हाती येणारी नाहीत, आणि विचारणाऱ्याच्या यादीत तो जीव असावा लागतो. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाहणीत बोलीचा नमुना म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा सांगून घेत आणि जोडीला शब्दांची एक ठरलेली यादी भरून घेत. कथेतला मुलगा डुकरे चारतो आणि यादीत गाढव होते, त्यामुळे कितीतरी बोलींतील डुक्कर आणि गाढव कागदावर उतरले.