न विचारता सांगावं का?

आमच्या वाचनालयाचे कार्यवाह, अण्णा, एका मतावर ठाम आहेत. ज्याला वाचायचंय तो जिना चढून येईल. मोबाइलवर पुस्तकं दाखवत बसणं म्हणजे सरस्वतीला बाजारात बसवणं. मी तालुक्याच्या गावातल्या या ‘ब’ वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल. देवघेव आटोपली की नव्या पुस्तकांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकते, आणि आमचं वाजतं.

अण्णांच्या बाजूने प्रत्यक्ष गीता आहे. 18 व्या अध्यायाच्या शेवटी कृष्ण बजावतो, की ज्याला ऐकायचंच नाही त्याला हे सांगू नये. पण लगेच पुढच्याच श्लोकात भक्तांना सांगणाऱ्याची थोरवीही तोच सांगतो. मला वाटतं, मनाई लादायला आहे, सांगायला नाही. बुद्धालाही बोधीनंतर आपल्याला उमगलेलं कुणाच्या पचनी पडेल अशी शंका आली होती. ब्रह्मा सहंपतीने विनवलं, तेव्हा तो बोलायला तयार झाला. आणि मग बोधगयेला श्रोत्यांची वाट बघत थांबला नाही, सारनाथपर्यंत चालत गेला.

पुस्तकंही अशी चालत गेलेली आहेत. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, आणि संस्थानातल्या खेड्यांमध्ये पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. 1931 मध्ये तमिळ मुलखात मन्नारगुडीला बैलगाडीतून ग्रंथालय निघालं. त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पंचसूत्री छापली गेली. तिच्यातलं तिसरं सूत्र, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, मला सगळ्यांत जवळचं. कारण ते चक्क पुस्तकाची वकिली करतं. दाखल नोंदवहीत चढल्यापासून एकदाही घरी न गेलेलं पुस्तक कपाटातून हाक मारू शकत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी बोलायला नको?

म्हणून बोलण्याबद्दल माझ्या मनात किंतू नाही. अडचण पुढे आहे. स्टेटस कितीजणांनी पाहिलं हे फोन सांगतो आणि माझं बोट आपोआप त्या आकड्याकडे जातं. गाजलेल्या कादंबरीच्या मुखपृष्ठाला बदाम मिळतात, गांडूळखताच्या पुस्तकाला काहीच नाही. असं चार वेळा झालं की हात कादंबरीकडेच वळतो. फळावर नजर ठेवू नये हे आयुष्यभर ऐकलं, पण फळ इतक्या लगेच, तेही मोजून, हातात पडेल हे कुणी सांगितलं नव्हतं. हल्ली मी एक नियम पाळते : आठवड्यातून एक दिवस कपाटातलं सर्वांत दुर्लक्षित पुस्तक दाखवायचं. मोजणी तरीही बघतेच.

ग्रुप मात्र मी काढला नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, शिवाय सकाळचे सुविचार. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट केली. तिचा निरोप ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच पोचतो. कृष्णाची अट फोनवाल्यांनी नकळत पाळलीय म्हणायची! या लिस्टचा खरा उपयोग दिसतो तो रात्री उशिरा. घटस्फोटाच्या कायद्यावर काही आहे का, नैराश्यावर मराठीत काय मिळेल, असे प्रश्न तेव्हा येतात. देवघेवीच्या खिडकीशी मागे शेजारची वहिनी उभी असताना हे कोण विचारणार? दुसऱ्या दिवशी पुस्तक कागदात गुंडाळून ठेवते. माणूस येतो, सही करतो, घेऊन जातो.

गंमत म्हणजे आता अण्णांनाच उत्साह आलाय. महिन्यातल्या सर्वांत जास्त वाचणाऱ्या सभासदाचा फोटो फेसबुकवर टाकू म्हणतात, खाली वाचलेल्या पुस्तकांची यादी. मी नाही म्हटलं. “अहो, त्यात लपवण्यासारखं काय? वाचणं काय पाप आहे?” पाप नाहीच, पण माणूस काय वाचतो हा त्याचा एकांत आहे, आणि सभासदाने वर्गणी भरली म्हणून तो आपल्या मालकीचा होत नाही. तूर्त ठरलंय ते असं : फोटो विचारून, यादी अजिबात नाही. व्यवस्थापक मंडळाच्या पुढच्या सभेत अण्णा हा विषय पुन्हा काढणार आहेत.