सुट्टी नेमकी कुणाची?

रत्नागिरीच्या माणसाला मुंबई परगाव वाटतच नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांच्या चुली परळ-लालबागहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर पेटल्या. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी एसटी होती आणि त्याही आधी भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडणारी बोट. वाहनं बदलली, मुक्काम तोच राहिला. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं, हा विषय इथल्या घरात निघाला की अर्धं उत्तर ठरलेलंच असतं. वाद होतो तो उरलेल्या अर्ध्यावर.

आणि तो होतो गणपतीच्या आगेमागे. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे दिवाळीचा निर्णय ऐन मोदकांच्या दिवसांत घ्यावा लागतो. घरात चाकरमानी आलेले, पडवीत गाद्या पसरलेल्या, आणि त्यात हा प्रश्न.

टिळक आळीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, परळच्या एका गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गावी परतले. सून शाळेत इतिहास शिकवते. तिच्या मनात यंदा कोलकाता आहे.

“मुंबईत आपली माणसं आहेत,” अण्णा म्हणतात. “कोलकात्यात कोण आहे गं आपलं?”

“कुणी नाही. म्हणूनच तर म्हणते, अण्णा.”

“नवं शहर म्हणजे नुसती धावपळ. टॅक्सीवाला फसवतोय का, हॉटेल बरं मिळेल का, हे कुठे नि ते कुठे. चार दिवसांत दहा ठिकाणं बघायची आणि परत आल्यावर एकही धड आठवायचं नाही. ओळखीच्या गावात माणूस खोल जातो.”

अण्णांच्या बाजूने एक भक्कम साक्षीदार उभा करता येईल. इमॅन्युएल कान्ट (1724–1804) हा तत्त्वज्ञ जन्मभर क्योनिग्सबर्ग आणि त्याच्या आसपासच राहिला, आणि तरीही विद्यापीठात वर्षानुवर्षं भूगोल शिकवत होता. खोल जायला लांब जावं लागत नाही, हे खरंच आहे.

पण सून विचारते ते जास्त नेमकं आहे. “आपण मुंबईत खोल जातो का? अक्कांची खोली, दादरचं मार्केट, डोंबिवलीचे काका, एखादी चौपाटी. राणीच्या बागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 पासूनचं. पोरांना बागेत किती वेळा नेलं, पण त्या दारातून आत गेलो कधी? कान्हेरीची लेणी पाहिलीत तुम्ही? इतकी वर्षं काढलीत तिकडे.”

“नाही पाहिली. मी मुंबईत बघायला जात नाही, सूनबाई. भेटायला जातो.”

हे वाक्य सहज बाजूला सारता येणार नाही. अण्णांची गिरणी आता नाही. भोंगा नाही, पाळी सुटल्यावर रस्ता भरून वाहणारी माणसं नाहीत. तिथे काचेच्या इमारती आहेत. त्यांची थोरली बहीण, म्हणजे अक्का, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत संसार करून म्हातारी झाली. या चाळी 1920 च्या दशकातल्या. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी नव्या टॉवरमध्ये 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. अक्कांचीही पाळी येणार, आणि ती यावीच. त्या बाईने आयुष्यभर नळाच्या रांगा पाहिल्या आहेत. पण अण्णा ज्या गॅलरीत बसून बहिणीशी बोलतात, ती गॅलरी मग नसेल. म्हणून ते म्हणतात, “कोलकाता कुठे पळून जातंय? मुंबई मात्र जातेय.”

“कोलकात्यातूनही काही जातंय,” सून म्हणते. “ट्राम.”

अण्णा मान वर करतात.

लहानपणी बोटीने मुंबईला पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी त्यांना ट्राममध्ये बसवलं होतं. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री धावली आणि ते प्रकरण संपलं. कोलकात्यात मात्र 1873 मध्ये रुळांवर आलेली ट्राम दीडशे वर्षं उलटली तरी उरली आहे. पश्चिम बंगाल सरकारने 2024 मध्ये जाहीर केलं, की मैदान ते एस्प्लनेड हा वारशाचा तुकडा ठेवून बाकी सेवा बंद करायची. म्हणजे अण्णांच्या बालपणीच्या मुंबईतली एक गोष्ट मुंबईत मिळणार नाही, कोलकात्यात मिळेल, तीही आता थोडक्यातच. ओळखीचं शहर कुठलं आणि नवं कुठलं, ही सीमारेषा इथे पुसट होते.

दुसऱ्या बाजूनेही ती पुसटच आहे. शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणणारे मामा वरेरकर चिपळूणचे. त्या वाचून ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, अशी एक अख्खी पिढी इथल्या वाचनालयांत घडली. पु. ल. देशपांडे ऐन पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि ‘वंगचित्रे’ घेऊन आले. मुंबईहून हावड्याला जाणारी गीतांजली एक्सप्रेस 26 डिसेंबर 1977 रोजी सुरू झाली, ती मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना. दंडवते तेव्हा राजापूरचे खासदार होते. रवींद्रनाथांच्या संग्रहाचं नाव लावलेली ती गाडी सुरुवातीला फक्त दुसऱ्या वर्गाची होती. वरचा वर्ग नाही, खालचा वर्ग नाही. कोकणच्या मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाने बंगालकडे जाणारी अशी गाडी सोडावी, याचा रत्नागिरीकरांना अभिमान वाटायला हवा.

सून मात्र वेगळ्याच कारणासाठी कोलकाता म्हणते. ते तिच्या विषयातून आलेलं आहे.

“नागपूरच्या भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा कोलकात्याच्या लोकांनी 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठा खंदकच म्हणतात त्याला. फौज शहरापर्यंत आलीच नाही. खंदक पुढे बुजवला, त्या जागेवरून रस्ता गेला. पण तिकडच्या आया अजून मुलांना मराठा स्वारांची भीती घालून झोपवतात, अण्णा. मी वर्गात मराठ्यांचा विस्तार शिकवते तेव्हा नकाशावर बाण काढते. बाणाच्या टोकाला कोण राहत होतं, ते मला बघायचंय.”

“म्हणजे आपली बदनामी ऐकायला दोन हजार किलोमीटर जायचं?”

“तेवढंच नाही ना. त्याच बंगालमध्ये सखाराम गणेश देउस्करांनी शिवाजी महाराजांवर लिहिलं. घराणं मराठी, लेखन बंगालीत. 1904 मध्ये त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता दिली. आणि 1906 मध्ये तिथल्या शिवाजी उत्सवाला कोण गेलं होतं? आपल्या आळीत जन्मलेले टिळक. भीतीही तिथलीच, आदरही तिथलाच. हे मुंबईत अक्कांच्या गॅलरीत बसून कसं कळणार?”

नव्या शहराच्या बाजूने मला सर्वांत बळकट वाटतो तो हाच मुद्दा. ओळखीच्या शहरात आपण स्वतःच्याच नजरेने स्वतःला पाहत राहतो. तिथे सगळे आपल्याला नावाने हाक मारतात. आपल्याबद्दल दुसऱ्याच्या घरात काय सांगितलं जातं, हे ऐकायचं तर जिथे आपलं कुणी नाही, अशा गावी जावं लागतं.

तरीही वाद इथे मिटत नाही. मधला मार्ग निघतोच: गीतांजली भल्या सकाळी सुटते, म्हणजे रत्नागिरीकराला आदली रात्र मुंबईत काढावीच लागते, जाता जाता अक्कांना भेटू. अण्णा ठाम नकार देतात. “जाता जाता भेटणं म्हणजे हजेरी लावणं. ती काय म्हणेल? आला आणि गेला.” त्यांचं बरोबर आहे. म्हातारं माणूस तासभराच्या भेटीत बोलायला लागत नाही. ते तिसऱ्या दिवशी बोलतं.

मग सून पिशवीची गोष्ट काढते.

मुंबईला जायचं म्हटलं की आठवडाभर आधी पिशवी भरायला लागते. अक्कांना कुळथाचं पीठ आणि सांडगी मिरची, डोंबिवलीला आमसुलं, भाचीला फणसपोळी, चार सोललेले नारळ. हे सगळं सून करते. तिकडे पोचल्यावर 160 चौरस फुटांत सकाळी सगळ्यांच्या आधी तीच उठते, कारण अक्कांचे गुडघे दुखतात आणि सुनेने बसून राहणं बरं दिसत नाही. भावंडं गॅलरीत जुन्या गोष्टी काढतात, तेव्हा ती आत चहा गाळत असते.

“कोलकात्याला पिशवी न्यावी लागणार नाही,” ती म्हणते. “आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिकडे कालीपूजा असते. मी रस्त्यावर उभी राहून दिवे बघेन. चहा दुसरं कुणीतरी करेल.”

अण्णा यावर काही बोलत नाहीत.

त्यांनी बोलू नये, असं मला वाटत नाही. पण या मुद्द्याला त्यांच्याकडे उत्तरही नाही. ओळखीचं शहर की नवं, हा प्रश्न आपण अनुभवाचा समजून सोडवायला बसतो. घरोघरी तो बऱ्याचदा कामाचा असतो. ज्याला मुंबईत आयतं ताट मिळतं, त्याला मुंबई ही सुट्टी वाटते. जिला तिथेही ओट्यापाशीच उभं राहायचं आहे, तिची फक्त जागा बदलते. अण्णांची ओढ खरी आहे, अक्काही जन्मभर पुरणार नाहीत. पण बहीण-भावाच्या भेटीची किंमत सुनेच्या सुट्टीने का चुकवायची?

म्हणून माझा कौल असा: दिवाळीत घराने कोलकात्याला जावं. अण्णांना यायचं असेल तर त्यांनाही न्यावं. त्यांना ट्राममध्ये खिडकीजवळ बसवावं, आणि गंगेखालून जाणारी, मार्च 2024 पासून सुरू झालेली मेट्रो दाखवावी. आणि मुंबईला अण्णांनी जानेवारीत एकट्याने जावं, गर्दी नसताना, चांगलं आठ-दहा दिवस. पिशवी त्यांनीच भरावी. अक्कांकडे सकाळचा चहाही त्यांनीच ठेवावा. गिरणीत पाळी करताना स्वतःचा डबा करणाऱ्या माणसाला ते जड नाही.

आरक्षण साठ दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं. तुमच्या घरी हा वाद चालू असेल, तर त्या सकाळच्या आधी, चारचौघांत नव्हे, एकटीला गाठून घरातल्या बाईला विचारा, तिला कुठे जायचं आहे. आणि ती जे सांगेल, त्याच गावाचं तिकीट काढा.