आधी वही काढ, मग किल्ली



आशीर्वाद शेवटी. आधी कान इकडे कर.

तुझ्या भाच्याच्या हाती पाठवलेला कॅटलॉग मिळाला. चाळीस गुळगुळीत पानं आणि प्रत्येक पानावर मावळता सूर्य. सोबत तुझी दीड ओळीची चिठ्ठी : ‘सर, मोटारहोम नवी घेऊ की जुनी? तुम्ही म्हणाल तसं.’ शहाण्या, दहावीत उदाहरण पुरतं न वाचता उत्तर लिहायचास. तीच खोड सहासष्टाव्या वर्षी आहे तशी! ‘नवी की जुनी’ ही या उदाहरणाची दुसरी पायरी झाली. पहिली कुठे खाल्लीस? वर्षातल्या किती रात्री तुम्ही दोघं त्या चाकांवरच्या घरात झोपणार? हा आकडा कॅटलॉगात नाही, तुझ्या चिठ्ठीत नाही, आणि तुझ्या डोक्यात तर नाहीच नाही.

बरं, आजवर अशा गाडीत किती रात्री काढल्यास? गेल्या उन्हाळ्यात मी मुलाकडे मिशिगनला आलो होतो, तेव्हा विचारलं होतं. तू हसून म्हणालास, ‘अजून एकही नाही सर.’ लेका, आपल्याकडे लोक साधं मडकंही टिचकी मारून घेतात. तू २,२०,००० डॉलरचं घर एक रात्रही न झोपता घ्यायला निघालास.

आता वही काढ. पेन्सिलने लिही, खोडावं लागेल.

तुझ्या निवृत्तीच्या खात्यात, त्या फोर-ओ-वन-केमध्ये, नऊ लाख डॉलर आहेत असं तूच सांगितलंस. तेव्हा तुझी मान जरा ताठ झाली होती. आता हिशेब ऐक. विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली एक आडाखा मांडला : पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढावेत, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्यावेत, म्हणजे पैसा साधारण तीस वर्षं पुरतो. हा वेदमंत्र नव्हे, पण पट्टी म्हणून ठीक आहे. नऊ लाखांचे चार टक्के ३६,०००. म्हणजे महिन्याला ३,०००. इथवर तुला येतं.

पुढे चुकतोस. गाडी २,२०,००० ची म्हणून खात्यातून २,२०,००० च जातील असं धरलंस. त्या खात्यात पैसा गेला तेव्हा त्यावर कर भरला होतास का? नाही. मग बाहेर येताना सरकार दारातच उभं असणार. काढलेली सगळी रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न ठरते. एकाच वर्षी एवढी मोठी उचल केलीस की वरच्या टप्प्याचा कर लागतो, सोशल सिक्युरिटीचाही पंचाऐंशी टक्क्यांपर्यंतचा भाग करपात्र होतो, आणि दोन वर्षांनी त्याच उत्पन्नाकडे बोट दाखवून मेडिकेअरचा हप्ता वाढतो. त्यात मिशिगनचा गाडीवरचा सहा टक्के विक्रीकर मिळव. हातात गाडी यायला खात्यातून पावणेतीन ते तीन लाख बाहेर पडतील. तीनच धरू. उरले सहा. सहा लाखांचे चार टक्के २४,०००, म्हणजे महिन्याला २,०००.

दरमहा हजार डॉलर गेले. तेही जन्मभरासाठी. कॅटलॉगातल्या कुठल्या सूर्यास्ताखाली हे छापलंय, मला दाखव.

आपण गाड्या बघायला गेलो तेव्हा विक्रेता तुला काय म्हणाला, तेही मी ऐकत होतो. माझं इंग्रजी अजून शाबूत आहे. म्हणाला, रोख कशाला देता, वीस वर्षांचं कर्ज घ्या, हप्ता अगदी किरकोळ बसेल. तू मान डोलावलीस. सहासष्ट अधिक वीस किती? शहाऐंशी. शहाऐंशीव्या वर्षी तू पस्तीस फुटी गाडी हाकणार आहेस की नुसता तिचा हप्ता भरणार आहेस? आणि नवी गाडी दारातून बाहेर पडली की पहिल्या वर्षातच किमतीचा पाचवा हिस्सा गेला समज, असं त्या धंद्यातलेच लोक सांगतात. कर्ज फिटतं मुंगीच्या पावलाने, किंमत उतरते घसरगुंडीवरून. मधली दरी तुझ्याच खिशातून भरायची.

आता रात्रींचा हिशेब. आकडे मी धरतो, तू तुझे खरे घाल. वर्षाला ६० रात्री, दहा वर्षं, म्हणजे ६०० रात्री. नवी २,२०,००० ला घेतलीस, दहा वर्षांनी ६०,००० ला विकलीस, तर १,६०,००० गेले. विमा, हिवाळ्यात ठेवायची जागा, टायर, दुरुस्ती मिळून वर्षाला ६,००० धर. एकूण २,२०,०००. भागिले ६००. रात्रीला ३६७ डॉलर, इंधन आणि मुक्कामाच्या तळाचं भाडं वेगळं. सेकंडहँड ६५,००० ला घेऊन २०,००० ला विकलीस, दुरुस्ती जास्त म्हणून वर्षाला ८,००० धरले, तर एकूण १,२५,०००. रात्रीला २०८. आणि भाड्याने घेतलीस तर मोसमाप्रमाणे दीडशे ते तीनशे. आपण २५० धरू.

आता साठच्या जागी वीस घाल. नवी रात्रीला ११००. जुनी ६२५. भाड्याची तेवढीच, २५०. दिसलं का? रात्री मोजल्याशिवाय या उदाहरणाला उत्तरच नाही. वीस रात्रींच्या माणसाला नवी आणि जुनी दोन्ही महाग. भरपूर रात्री काढणाऱ्याला जुनी परवडते. नवीची बाजू मला कुठल्याच ओळीत लावून धरता आली नाही. तुला आली तर मांडून दाखव.

इंधनाचंही लिही. असली मोठी गाडी गॅलनला सात-आठ मैल जाते. ५,००० मैलांच्या फेरीला आठने भाग : ६२५ गॅलन. साडेतीन डॉलरचा भाव धरलास तरी २,२०० च्या आसपास. गाडी दारात उभी राहील तेव्हा बायको विचारेल, ‘जायचं ना?’ आणि तू पंपावरचा भाव बघून म्हणशील, ‘पुढच्या महिन्यात बघू.’

आता खरी बोलणी खा. तुझ्या घरच्या फ्रिजवर मॉन्टॅनातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कचं चित्र चिकटवलंय. डोंगराच्या कुशीतून वळत जाणारा तो ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता. तू म्हणालास, ‘सर, नोकरीची शेवटची पाच वर्षं या चित्राकडे बघून काढली.’ मला बरं वाटलं. मग घरी येऊन मी त्या पार्कचे नियम वाचले, तू वाचले नाहीस म्हणून. त्या रस्त्याच्या डोंगरातल्या टप्प्यात, अ‍ॅव्हलांचपासून रायझिंग सनपर्यंत, २१ फुटांपेक्षा लांब किंवा आठ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. तुझी गाडी ३५ फुटी. ज्या चित्रासाठी गाडी घेतोस, त्या चित्रात ती मावत नाही! ती पायथ्याशी उभी करून तिच्यामागे ओढत आणलेल्या लहान मोटारीने वर जायचं, नाहीतर तिथल्या जुन्या लाल बसमध्ये तिकीट काढून बसायचं. ते तर आजही करता येतं, सव्वादोन लाख न मोजता.

आणखी एक. तिकडे बासष्ट ओलांडलेल्या नागरिकांना नॅशनल पार्कांचा आजन्म पास ८० डॉलरला मिळतो. सरकारी तळांवर मुक्कामाचं भाडंही बहुतेक ठिकाणी निम्मं होतं. काढलास? विचारलं होतं, तेव्हा म्हणालास, ‘असं असतं होय?’ चार वर्षं झाली हक्क मिळून. ऐंशी डॉलरचा पास माहीत नाही, आणि निघाले महाल घ्यायला!

जुन्या गाडीकडे वळू. एल्कहार्ट आठवतं ना? अमेरिकेतल्या बहुतेक असल्या गाड्या इंडियानातल्या त्या भागात बनतात म्हणून मला कौतुकाने घेऊन गेलास. आवारात एक सेकंडहँड उभी होती. ‘फक्त चाळीस हजार मैल, टायर नव्यासारखे,’ विक्रेता म्हणाला. तू आत जाऊन टीव्ही केवढा आहे ते बघत होतास. मी गुडघे धरत खाली बसलो. टायरची नक्षी खरंच कोरीकरकरीत होती. पण कडेवर ‘डीओटी’ लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार अंक होते : १५१६. म्हणजे २०१६ सालचा पंधरावा आठवडा. नऊ वर्षांचं रबर. या गाड्या वर्षातला बराच काळ उभ्या असतात, त्यांचे टायर झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन फाटतात. सहा-सात वर्षांत बदलावेच लागतात. मग आत आलो आणि पलंगामागच्या खिडकीखाली भिंत अंगठ्याने दाबली. अंगठा आत गेला, ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा. बाहेरून त्याच जागी पत्र्यासारख्या दिसणाऱ्या भिंतीला भाकरी फुगावी तसा फुगवटा होता. छताच्या सांध्यातलं रबरी सील तडकलेलं, आणि तिथून पाणी कित्येक पावसाळे मुरत असणार.

तू आयुष्यभर मोटारींचे सुटे भाग मापून नापास केलेस. मायक्रॉनसाठी पुरवठादारांना घाम फोडलास. आणि स्वतःचे पैसे घालायची वेळ आली तेव्हा सोफ्यावर बसून रिमोट दाबत होतास!

‘म्हणूनच नवी घेतो, कटकट नको,’ असं म्हणशील. चूक. घर उचलून खड्ड्याखड्ड्यांतून साठ मैलांच्या वेगाने पळवायचं म्हटलं की स्क्रू ढिले होतात, नळ गळतात, कपाटं उघडतात. नव्या गाडीचंही पहिलं वर्ष असल्या तक्रारींच्या यादीत जातं. वॉरंटी असते, पण दुरुस्तीसाठी गाडी दुकानात आठवडेच्या आठवडे अडकते, तीही ऐन मोसमात. नवेपणाचे पैसे मोजून पहिल्या मालकाने सुरुवातीच्या तक्रारी निस्तरलेली गाडी दुसऱ्याला स्वस्तात मिळते. २०२१ साली, साथीच्या काळात, तिकडे अशा फिरत्या घरांचं उत्पादन सहा लाखांवर गेलं. २०२३ मध्ये ते सव्वातीन लाखांच्याही खाली आलं. त्या लाटेत हौसेने घेतलेल्या आणि आता अंगणात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या मालकाची वाट बघताहेत. प्रत्येकीचा पहिला मालक चाळीस पानांचा कॅटलॉग वाचूनच निघाला होता.

हे सगळं मी कुठल्या अधिकाराने बोलतो, तेही ऐक. २००९ साली मी निवृत्त झालो. फंड आला, विकलेल्या पेन्शनची रक्कम आली. सगळी ओतून कराडच्या घरावर वरचा मजला बांधला. मुलगा परत येईल, नातवंडं वर खेळतील. आपण नवं बांधावं की शेजारचं तयार घ्यावं, यावर मी चार महिने घोळ घातला. तो येणार आहे का, हे त्याला एकदाही विचारलं नाही. आज दर शनिवारी मी वर जाऊन तीन रिकाम्या खोल्या झाडतो. गच्ची गळते, रंग उडतो, घरपट्टी मात्र न चुकता येते. तुझी हौस सहा चाकांवर आहे, माझी विटांची होती, एवढाच फरक. म्हणून ओरडतोय.

आता गृहपाठ. सबब चालणार नाही.

एक, ८० डॉलरचा पास या आठवड्यात काढ.

दोन, सप्टेंबरात तीन आठवड्यांसाठी गाडी भाड्याने घे. ट्रकच्या केबिनवर पुढे माळा आलेला असतो ती, क्लास सी. रोज रात्री वहीत लिही : किती मैल, किती गॅलन, तळाचं भाडं, काय बिघडलं, झोप लागली का. संडासाची टाकी स्वतः रिकामी कर. जाड नळी जोडून, हातमोजे घालून, पावसात. हे पान कॅटलॉगात नसतं. ते करून आल्यावरही हौस टिकली, तर ती खरी.

तीन, बायकोला शंभर मैल चालवू दे. वाटेत तुझं काही दुखलंखुपलं तर ती गाडी हॉस्पिटलपर्यंत कोण नेणार?

चार, वहीतून वर्षाच्या रात्री भरपूर निघाल्या, तरच जुनी बघायची. लहान, चार-आठ वर्षांची. गाड्या तपासणारे स्वतंत्र तपासनीस असतात, त्यांना पैसे देऊन आणायचं, छतावर चढवायचं. फ्रिज आदल्या रात्री चालू करायला सांगायचा, कारण गॅसवरच्या फ्रिजला थंड व्हायला तास न् तास लागतात. टीव्हीकडे बघायचं नाही. आणि पैसा एका वर्षात उपसायचा नाही. दोन-तीन वर्षांत विभागून, करसल्लागाराला विचारून काढायचा.

पाच, हे सगळ्यांत महत्त्वाचं. एल्कहार्टला एका नव्या गाडीत तू पलंग उघडमीट करून दाखवत होतास, तेव्हा तुझी बायको जेवणाच्या टेबलाशी पाऊण तास बसली होती. त्या पाऊण तासात तिने मांडीवरची पर्स एकदाही खाली ठेवली नाही. तुला दिसलं नाही. मी मागच्या बाकावरचं बघायला शिकलेला माणूस आहे, मला दिसलं.

तेव्हा हिशेबाची वही पुरी झाली की शेवटच्या पानावर तिची सही घे. पालकांची सही आणल्याशिवाय मी तुला सहलीला कधी नेलं नव्हतं.

आशीर्वाद आहेतच.

तुझा,
गणिताचा मास्तर