पतंगही गुरूच



भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरा या अवधूताला दत्तात्रेयच मानते. पृथ्वी, आकाश, सूर्य, चंद्र ही नावं ऐकताना आपली मान आपोआप डोलते. पण त्याच यादीत दिव्यावर झेप घेणारा पतंग आहे, गळाला लागलेला मासा आहे, मोहापायी पकडला गेलेला हत्ती आहे. जे फसले तेही गुरू! प्रवचनात आपण या मंडळींवरून भरभर पुढे जातो. ‘असं वागू नये’ एवढाच धडा काढतो आणि पतंगाला तिथंच जळत ठेवतो.

हा प्रश्न माझ्या मनात नीट रुजला तो पुण्यातल्या एका शाळेच्या वर्गात. नात्यातल्या एका तरुणाला दारू सोडायची होती. घरच्यांनी गाणगापूरला नेऊन त्याच्याकडून शपथ घेववली होती, एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा ती मोडली. मग त्याने गुरुवारी देवळात येणंच सोडलं. “मामा, देवापुढे तीनदा खोटा पडलोय. आता कुठल्या तोंडाने जाऊ?” असं तो म्हणाला. दारू सुटावी म्हणून घेतलेल्या शपथेने दारू राहिली आणि देव तेवढा सुटला.

एका डॉक्टरांनी आधी तपासून औषधं दिली. हे आवर्जून लिहितो, कारण फार दिवस भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. घरात कोंडून ठेवणं हा उपाय नव्हे. त्याच डॉक्टरांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं नाव सांगितलं. लोक त्याला नुसतं ‘एए’ म्हणतात. फोन केला, सभेची वेळ कळली. काही सभा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, काही सर्वांना खुल्या. खुली होती म्हणून मलाही बसता आलं.

तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं असतं, म्हणून कुणाची कहाणी इथे लिहिणार नाही. रीत तेवढी सांगतो. व्यासपीठ नाही, हार नाहीत, कुणी महाराज नाहीत. फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो टाकतो. पहिलं नाव सांगायचं, आपण दारुडे आहोत हे सांगायचं आणि स्वतःचंच बोलायचं. दुसऱ्याला उपदेश नाही. जन्मभराची शपथही नाही. आजचा दिवस प्यायचं नाही, एवढंच. उद्याचं उद्या.

या संघटनेचा उगम १९३५ सालचा, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावातला. बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस काही महिने दारूपासून लांब होता. कामासाठी त्या गावी आला, काम फसलं, आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. तेव्हा त्याने चर्चवाल्यांना फोन लावून आपल्यासारखाच एखादा दारुडा शोधला. भेटले ते बॉब नावाचे शल्यचिकित्सक. बिल त्यांच्याकडे गेला तो त्यांना सुधारायला म्हणून नव्हे, तर स्वतःचा तोल जाऊ नये म्हणून. इथे गुरूलाच शिष्याची गरज होती! आपल्या गुरुपरंपरेत वाढलेल्या माणसाला हे जरा पचायला जड जातं. मलाही गेलं.

पण पिंगलेकडे पाहा. विदेहनगरीतली ही वेश्या धनिकाची वाट पाहत मध्यरात्रीपर्यंत दारात उभी राहिली. शेवटी आशा सुटली आणि ती शांत झोपली. कुणी तिला उपदेश केला नव्हता. ‘आता माझ्याने होत नाही’ हे कळणं हेच तिचं वळण, आणि त्यासाठी अवधूताने तिला गुरू केलं. एएची पहिली पायरीही हीच आहे: दारूपुढे माझं काही चालत नाही, हे कबूल करणं.

यावर एक शंका रास्त आहे. ‘माझं चालत नाही’ म्हटलं की जबाबदारी झटकता येते की! मारहाण झालेल्या बायकोने, शाळेची फी बुडालेल्या मुलाने काय करायचं? पण त्या पायऱ्या बारा आहेत. पुढच्या पायऱ्यांत ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची आहे आणि शक्य तिथे भरपाईही. शरण जाणारा मोकळा सुटत नाही, तो कामाला लागतो. घरच्यांसाठी अल-अनॉनचे वेगळे गट असतात. त्यांचं दुःख पिणाऱ्याच्या सुधारण्यावर टांगून ठेवायचं नसतं.

आपल्या पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथंही व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्यांच्या पाठीशी उभी राहतात. जळून परतलेल्या पतंगाला दिव्याबद्दल जे ठाऊक असतं, ते आमच्यासारख्या कधी न पिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

दत्तमंदिरांच्या विश्वस्तांना एक विनंती करावीशी वाटते. आरतीनंतर आपली सभागृहं रिकामी असतात. आठवड्यातून तासभर एखाद्या गटाला द्यावीत. फुकट नको, ती माणसं आपल्या पायावर उभं राहण्याबाबत फार काटेकोर असतात, जमेल ते भाडं देतील. बाहेर फलक लावायचा की नाही, हे मात्र त्यांनाच विचारावं.