वाटेकाठची जमीन

वचन: मत्तय १३:४; योहान १२:२४



पेरणाऱ्याच्या दृष्टांतातील वाटेवर पडलेल्या बियांची गती आपण मंडळीत पुष्कळदा ऐकली आहे. परंतु ती वाट कशाने झाली, याचा विचार आपण क्वचितच करतो. शेताची व वाटेची माती एकच. पायांनी तुडविली गेली म्हणून ती घट्ट झाली. आपल्या काळ्या रानाचेही असेच होते. वाफसा येण्यापूर्वी त्यात गाडी अथवा ट्रॅक्टर घातला की माती दडपते, पाणी मुरत नाही, मुळे खाली जात नाहीत. शिवाय दरवर्षी एकाच खोलीवर नांगरल्याने तासाखाली कठीण थर बसतो. तो वरून दिसतही नाही.

नांगराने फुटलेली अशी जमीन पुढल्या पावसात पुन्हा बसते. तिला मुळे पाहिजेत व कुजलेला पाला पाहिजे. ज्या रानात रब्बीची ज्वारी घ्यावयाची, त्यात मृगाच्या पावसावर एकरी २० ते २५ किलो ताग पेरावा. त्याचे सोटमूळ खोल शिरते, व मुळांवरील गाठींतले सूक्ष्म जीव हवेतील नत्र धरतात. सुमारे ४५ ते ५० दिवसांनी फूल दिसू लागताच उभे पीक नांगरून गाडावे. उशीर केल्यास खोडात वाख धरतो व ते लवकर कुजत नाही. पाणी साचणाऱ्या अथवा चोपण जमिनीत धैंचा बरा.

येथेच मन कचरते. हिरवेगार पीक डोळ्यांदेखत मातीत घालावयाचे; ना दाणा, ना वैरण! ज्याने बियाणे उसने आणले, त्याला हे किती जड जाते ते व्यासपीठावरून कळत नाही. त्याने प्रथम एकच तुकडा करून पाहावा. गव्हाच्या दाण्याविषयी प्रभूने जे सांगितले, ते अशाच शेतकऱ्यांना समजण्याजोगे आहे.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावात एखादा वचन ऐकत नाही, म्हणून त्यास वाटेकाठचा ठरवून मोकळे होऊ नका. त्या मनावरून कोण कोण चालून गेले, सावकार, भाऊबंद, कधी आपल्याच मंडळीतील माणसे, हे आधी विचारा. मोठ्याने केलेला उपदेश वरचा थर फोडतो. आजाऱ्याच्या उशाशी काढलेली रात्र, भांडणात गिळलेला शब्द, ही गाडलेली पिके होत. वार्षिक अहवालात त्यांस रकाना नाही.

आणि गाडल्यावर घाई करू नये. ताग कुजावयास तीन-चार आठवडे व पुरेशी ओल लागते. तेवढे दिवस रान ओसाडच दिसते. त्यातून गाडी मात्र नेऊ नये.