मुखवटा कीं कल्हई ?

मनुष्याच्या नीतीची परीक्षा मोठ्या प्रसंगींच होते असें नाहीं. घरांतील एखादी साधी दुरुस्ती काढली तरी तिच्या पोटीं एखादा जुनाच तात्त्विक प्रश्न दडलेला आढळतो. शहरांतील कुटुंबांत स्वयंपाकघराच्या कपाटांचें रूप पालटण्याची जी रीत रूढ होत आहे, तिच्याविषयीं आम्हांस असेंच वाटतें. पंधरा-वीस वर्षांपूर्वीं ओट्याखालीं व भिंतीवर बसविलेलीं प्लायवुडचीं कपाटें डोळ्यांना जुनाट वाटूं लागतात. तीं समूळ न उखडतां सुतार मूळ सांगाडा तसाच ठेवतो. दारें व खणांचे दर्शनी भाग नवे बसवितो, उघड्या कडांवर सनमायका किंवा लांकडाचा पातळ पापुद्रा चिकटवितो, बिजागऱ्या आणि मुठी बदलतो. थोड्या दिवसांत व बेताच्या खर्चांत स्वयंपाकघर नवें दिसूं लागतें. प्रश्न असा कीं, आंत जुनें आणि बाहेर नवें ही व्यवस्था प्रामाणिक म्हणावी किंवा नाहीं ?

या पापुद्र्यावरील आक्षेप फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार प्लिनी यानें हलक्या लांकडावर मौल्यवान् लांकडाची जणूं साल चढविण्याच्या चालीवर चैन म्हणून टीका केली. डिकन्सनें १८६४-६५ सालीं क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरींत एका नवश्रीमंत व दिखाऊ कुटुंबास 'व्हेनिअरिंग' हेंच आडनांव दिलें. व्हेनिअर म्हणजे हाच तो पापुद्रा. आक्षेपकांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं वस्तु जशी असेल तशीच ती दिसावी. दिसणें आणि असणें यांत अंतर पडलें कीं तेथें असत्याचा शिरकाव झालाच.

हें म्हणणें सकृद्दर्शनीं बिनतोड वाटतें. परंतु या विषयांतील अत्यंत कठोर न्यायाधीश जो रस्किन, त्यालाही तें सरसकट मान्य नव्हतें. 'स्थापत्याचे सात दीप' या अर्थाच्या १८४९ सालच्या आपल्या ग्रंथांत सत्याच्या दीपाविषयीं लिहितांना लांकूड रंगवून संगमरवर भासविणें, किंवा विटांवर सिमेंट थापून त्यावर दगडाच्या खोट्या सांध्यांच्या रेघा ओढणें, याला त्यानें स्पष्टपणें असत्य म्हटलें. पण विटांना गिलावा करून त्यावर चित्रें काढण्यांत त्याला कांहींच गैर वाटलें नाहीं. इमारतीवरील सोन्याचा मुलामाही त्यानें निर्दोष ठरविला. कारण तेथें भरीव सोनें आहे असें कोणीच समजत नाहीं. याचें मर्म उघड आहे. झांकणें निराळें आणि फसविणें निराळें. पाहणाऱ्याच्या मनांत खोटी समजूत उत्पन्न करण्यासाठीं घातलेलें आवरणच तेवढें दोषास पात्र होय.

हा विवेक आपल्या घरांतही पूर्वापार होता. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करीत. कथलाचा तो थर किती पातळ ! पण त्यावांचून चिंचेची आमटी किंवा ताक कळकल्याशिवाय राहत नसे. कल्हईनें भांडें चांदीचें झालें असें कोणी मानीत नसे. ती भांड्याचा दोष लपविण्याकरितां नव्हे, तर निवारण्याकरितां असे. मात्र भोंक पडलेलें भांडें नुसत्या कल्हईनें सुधारत नाहीं. आधीं तें सांधावेंच लागतें.

हीच कसोटी कपाटांस लावून पाहावी. मोरीच्या भांड्याखालीं नळ गळून फळी फुगली असेल, किंवा आंत वाळवी लागली असेल, तर तेथें बिजागरीचे स्क्रू धरीत नाहींत. नव्या दाराच्या भारानेंच ते सुटून येतात. तेथें रंगाची निवड करीत बसणें ही शुद्ध आत्मवंचना होय. घर विकण्याकरितां कोणी अशी सजावट करून सडका भाग झांकीत असेल, तर ती परवंचना झाली. घेणाऱ्यास तो भाग दाखविणें हें विकणाऱ्याचें कर्तव्यच आहे. उलट सांगाडा निकोप असतां केवळ फॅशन बदलली म्हणून तो उकिरड्यावर टाकणें, यांत कसली सत्यनिष्ठा ? ती उधळपट्टी होय. ज्या झाडांचें तें लांकूड, त्यांच्याशींही ती कृतघ्नताच.

परंतु याहून गंभीर असा एक प्रश्न उरतो. हें नूतनीकरण कोणासाठीं ? १९२६ सालीं व्हिएन्नाच्या मार्गारेटे लिहोत्स्की या स्थापत्यविशारद बाईंनीं फ्रँकफुर्ट येथील नव्या वसाहतींसाठीं स्वयंपाकघर आंखलें. तें सुमारें १·९ मीटर रुंद व ३·४ मीटर लांब होतें, आणि अशीं जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरें पुढें बांधलीं गेलीं. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतील चिंचोळ्या पाकगृहाचा आदर्श त्यांनीं डोळ्यांपुढें ठेविला होता. त्यांचा आरंभ कपाटाच्या रंगापासून झाला नाहीं; तेथें काम करणाऱ्या स्त्रीचीं पाउलें किती वांचतील, येथून झाला. आपल्याकडे बहुधा उलट घडतें. दारें चकचकीत होतात. पण ओट्याची उंची, अंधारा कोपरा, कोंडणारा धूर, आणि एकाच व्यक्तीच्या माथीं पडलेलें सारें काम, हीं जशींच्या तशींच राहतात. पाहुणा वाहवा करून जातो, आणि गृहिणीची कंबर पूर्वीइतकीच दुखते. समाजसुधारणेच्या क्षेत्रांतही आपण पुष्कळदां हेंच केलें आहे : वेष आणि भाषा बदलली, पण घरांतील श्रमांची वांटणी बदलली नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, बाह्य रूप पालटण्यास भिण्याचें कारण नाहीं; सुंदर दिसणें हीही मनाची एक रास्त गरज आहे. मात्र सुताराला बोलावण्यापूर्वीं दोन गोष्टी अवश्य कराव्या. खालचें कपाट उघडून फळीला हात लावून पाहावा. आणि त्या ओट्याशीं जिला रोज उभें राहावें लागतें तिला विचारावें, कीं तुला येथें काय बदललेलें हवें आहे. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कदाचित् कपाटांविषयीं नसेलही. पण तें ऐकून घेण्याची तयारी असावी.